कपाटांतला जुना फोन आणि चोवीस शब्द

आमच्या माजघरांतील कपाटाला एक खण असा आहे कीं, ज्या वस्तूंचा उपयोग काय होईल हें सांगवत नाहीं, पण ज्या टाकवतही नाहींत, त्या सर्वांना तेथें आश्रय मिळतो. थांबलेलीं घड्याळें, एका काडीचे चष्मे, कुलपें हरवलेल्या किल्ल्या. आणि गेल्या दहाबारा वर्षांत त्यांत भर पडली आहे ती जुन्या मोबाइल फोनांची. मागें एकदां मोजले तेव्हां पांच भरले. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असाच एखादा खण असेल व त्यांत निदान एक तरी धडधाकट फोन निजलेला असेल. अशा फोनाचा एक नवीनच उपयोग आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं आमच्या डोळ्यांदेखत केला. त्यांत त्यांची एकदां चांगलीच फजिती झाली. त्या फजितींतून घरांतील सर्व मंडळी जें शिकली, तें वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आहे.

हा उपयोग म्हणजे बिटकॉइन वगैरे जीं आभासी चलनें हल्लीं तरुणांच्या तोंडीं असतात, त्यांची तिजोरी म्हणून जुन्या स्मार्टफोनाची योजना करणें. तें चलन घ्यावें कीं घेऊं नये, हा या लेखाचा विषय नव्हे. आमचें मत कोणी विचारलेंच तर, घरखर्चाचा, मुलामुलींच्या शिक्षणाचा किंवा म्हातारपणाचा पैसा त्यांत घालणारास आम्ही शहाणा म्हणणार नाहीं. परंतु आमचें मत विचारण्यापूर्वींच अनेक घरांतील मुलांनीं तें घेऊन ठेवलें आहे, आणि वडील मंडळींस त्याचा पत्ता नाहीं, ही वस्तुस्थिति आहे. आपल्या देशांत त्यास कायदेशीर चलन म्हणून मान्यता नाहीं. तथापि तें बाळगणें हा गुन्हाही नाहीं. या व्यवहारांना बँकांनीं साहाय्य करूं नये असें रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं काढलेलें परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द ठरविलें. पुढें १ एप्रिल २०२२ पासून त्यावरील नफ्यावर शेंकडा ३० कर बसला, व त्याच वर्षीं १ जुलैपासून विक्रीच्या रकमेंतून शेंकडा १ कापून घेण्याची पद्धति सुरू झाली. तेव्हां घेतलेंच असेल तर तें विवरणपत्रांत दाखवावें, आणि जपावयाचें तर नीट समजून जपावें.

प्रथम तिजोरींत ठेवावयाचें तें काय, हेंच समजलें पाहिजे. कारण पुष्कळांची चूक येथेंच होते. बिटकॉइन फोनांत नसतो. तो कोणत्याच एका जागीं नसतो. जगभर हजारों यंत्रांवर एकाच खातेवहीच्या हुबेहूब प्रती ठेवलेल्या आहेत आणि अमुक खात्यावर अमुक रक्कम, एवढेंच त्या वहींत लिहिलेलें असतें. सातोशी नाकामोतो असें नांव घेतलेल्या कोणा अज्ञातानें ऑक्टोबर २००८ मध्यें या वहीची कल्पना प्रसिद्ध केली आणि ३ जानेवारी २००९ रोजीं तिचें पहिलें पान लिहिलें गेलें. खातेदाराचें नांव, गांव, वय यांपैकीं कांहींच तींत नसतें. खात्यांतली रक्कम दुसरीकडे वळवावयाची तर तशा आज्ञेवर एक विशिष्ट सही लागते, आणि ती सही करण्याचें साधन म्हणजे एक अवाढव्य गुप्त संख्या. पूर्वीच्या काळीं पत्राच्या शेवटीं मोर्तब उमटल्यावांचून पत्र पुरें होत नसे, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, मोर्तब कोणाच्या हातानें उमटलें याची चौकशी येथें कोणी करीत नाहीं. ज्याच्यापाशीं ती संख्या तोच धनी. ती हरवली तर धनी असूनही तो निर्धन. तक्रार ऐकावयास तेथें ना मॅनेजर, ना कचेरी, ना न्यायाधीश.

मग ही संख्या स्वतः जपण्याचा उपद्व्याप कशाला? ज्या पेढीमार्फत चलन घेतलें तिच्याचकडे तें राहूं द्यावें, असें कोणी म्हणेल. पुष्कळ लोक तसेंच करतात, आणि लहानसान रकमेला तें सोईचेंही आहे. पण पेढ्यांचा इतिहास फारसा धीर देणारा नाहीं. टोकिओ येथील माउंट गॉक्स ही एके काळीं या धंद्यांतली सर्वांत मोठी पेढी. ती फेब्रुवारी २०१४ मध्यें बुडाली तेव्हां सुमारें साडेआठ लाख बिटकॉइन नाहींसे झाल्याचें तिनें जाहीर केलें. त्यांतले दोन लाख पुढें सांपडले. आपल्याकडची गोष्ट घ्यावयाची तर, मुंबईत जन्मलेल्या वझीरएक्स या पेढीवर १८ जुलै २०२४ रोजीं दरोडा पडून सुमारें २३ कोटी डॉलरांचें चलन गेलें, व ग्राहकांना आपल्या नाण्यांस वर्षाहून अधिक काळ हात लावतां आला नाहीं. तिसरी हकीगत मोठी चमत्कारिक आहे. कॅनडांतील क्वाड्रिगा नांवाच्या पेढीचा तरुण चालक जेराल्ड कॉटन हा डिसेंबर २०१८ मध्यें आपल्या देशांत प्रवासास आला असतां जयपूर येथें वारला. ग्राहकांच्या ठेवींच्या किल्ल्या एकट्या त्यालाच ठाऊक होत्या, असें मागून सांगण्यांत आलें. २०२० सालीं ऑन्टॅरिओ प्रांताच्या रोखे नियामकांनीं चौकशी करून, बहुतेक तूट त्याच्याच लबाडीनें आलेली होती असा निष्कर्ष काढला, ही गोष्ट निराळी. परंतु एका माणसाच्या मृत्यूबरोबर हजारोंचा पैसा कुलुपबंद होऊं शकतो, ही गोष्ट क्षणभर सर्वांना खरी वाटली, यावरूनच या वस्तूचा स्वभाव कळून येतो. आमच्या घरीं पुढें जो प्रश्न उपस्थित झाला, तो लहान प्रमाणावर हाच होता.

आतां फोनाची कृति. पाककृतींत फोडणी आधीं कीं भाजी आधीं याला जसें महत्त्व, तसें येथें क्रमाला आहे. क्रम चुकला तर सगळी खटपट फुकट.

फोन आपल्याच घरांत वापरलेला असावा. बाजारांतून जुना विकत आणलेला नको. त्याचा कॅमेरा चालत असावा. कांचेला एखादा तडा असला तरी हरकत नाहीं. फोन पुसून कोरा करण्यापूर्वीं त्यावरील आपलें गूगलचें खातें काढून टाकावें. तसें न केल्यास कोरा झालेला फोन जुन्या खात्याचा परवलीचा शब्द विचारीत बसतो, आणि चार वर्षांपूर्वींचा तो शब्द कोणास आठवतो? सिमकार्ड काढून ठेवावें. मग फोन घरच्या वायफायवर एकदांच, शेवटचा म्हणून जोडावा व एअरगॅप व्हॉल्ट यासारखें, ज्याची घडण कोणासही तपासतां येईल असें, एखादें अ‍ॅप त्यावर उतरवून घ्यावें. आमच्या चिरंजीवांनीं हेंच वापरलें. हें झालें कीं वायफायचा परवलीचा शब्द फोनास विसरावयास लावावा, एअरप्लेन मोड चालू करावा, व वायफाय आणि ब्लूटूथ हीं दोन्ही खरोखरच बंद आहेत काय हें वेगळें पाहावें. कारण पुष्कळ फोनांत एअरप्लेन मोड असतांनाही तीं चालू करतां येतात. फोनाला चांगला सहा-आठ आंकड्यांचा कुलूप-क्रमांक द्यावा. कोणाची जन्मतारीख मात्र नको. आणि एवढें सर्व झाल्यावर, फोनाचा जगाशीं संबंध तुटल्यावर, मगच त्यावर गुप्त संख्या तयार करावी. जी संख्या जाळ्याशीं जोडलेल्या यंत्रावर एकदां उमटली, ती नंतर कितीही कोंडली तरी कोंवळी राहत नाहीं.

ही संख्या यदृच्छेनें निघाली पाहिजे. यंत्राला खरी यदृच्छा साधणें वाटतें तितकें सोपें नाहीं. ऑगस्ट २०१३ मध्यें अँड्रॉइड फोनांतील यादृच्छिक संख्या काढणाऱ्या यंत्रणेंतच दोष निघाला, आणि त्या काळच्या अनेक बिटकॉइन पाकिटांच्या किल्ल्या ओळखतां येण्याजोग्या ठरल्या. तो दोष पुढें दुरुस्त झाला. तरीही ज्यांना यंत्रावर विसंबावयाचें नसेल त्यांना सापशिडीचा सहा बाजूंचा फांसा टाकून संख्या काढण्याची सोय आतां उपलब्ध आहे. सुमारें शंभर वेळां तो टाकावा लागतो. आमच्या पुतण्यानें तो माजघरांत पाट मांडून टाकला, व घरांतील लहान मुलें प्रत्येक वेळीं मोठ्यानें दान ओरडूं लागलीं, तेव्हां त्याला दार लावून पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. गुप्त संख्या सर्व आळीस ऐकूं जावी अशी त्याची इच्छा नव्हती!

अठ्ठ्याहत्तर आंकड्यांपर्यंत जाणारी ही संख्या माणसाला लिहून ठेवणें कठीण. म्हणून २०१३ सालीं एक युक्ति पुढें आली. २०४८ साध्या शब्दांची एक ठराविक यादी करण्यांत आली आणि संख्येचें रूपांतर त्यांतल्या बारा किंवा चोवीस शब्दांच्या माळेंत करावयाचें असें ठरलें. इंग्रजी यादींतील शब्द असे निवडले आहेत कीं, पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखतां येतो. शेवटच्या शब्दांत ताळ्याची सोयही असते. त्यामुळें एखादा शब्द चुकला किंवा क्रम उलटापालट झाला तर बहुधा यंत्र तें लगेच सांगतें. जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, झेक वगैरे भाषांच्याही अशा याद्या झाल्या आहेत. मराठीची नाहीं, ती करण्यास कोणा उत्साही तरुणानें हात घालावा असें आम्हांस वाटतें. फोन फुटला, बुडाला, चोरीस गेला, तरी हे शब्द दुसऱ्या यंत्रावर त्याच क्रमानें लिहिले कीं सर्व कांहीं परत मिळतें. अर्थात् ते ज्याच्या हातीं पडतील त्यालाही मिळतें.

नित्याचा व्यवहार कसा चालतो तें पाहण्यासारखें आहे. घरांतला वृद्ध यजमान माजघराबाहेर पडत नाहीं. कारकून कागद तयार करून खिडकीशीं नेतो, यजमान तो वाचून मोर्तब करतो व कागद परत देतो. तसेंच येथें. रोजच्या वापराच्या फोनावर पाकिटाचा केवळ उघड भाग असतो. त्याला शिल्लक दिसते, पण सही करतां येत नाहीं. रक्कम पाठवावयाची असली म्हणजे तो एक आज्ञापत्र तयार करून क्यूआर कोडच्या रूपानें आपल्या पडद्यावर दाखवितो. जुना फोन तें कॅमेऱ्यानें वाचतो, रक्कम व पत्ता आपल्या पडद्यावर मांडतो, आणि धन्यानें होकार दिला म्हणजे सही करून नवा क्यूआर कोड दाखवितो. तो रोजच्या फोनानें वाचून जगाकडे पाठविला कीं काम झालें. दोन फोनांमध्यें तार नाहीं, लहरी नाहींत. एकमेकांची चित्रें पाहणें, एवढाच संबंध. मात्र जुन्या फोनावर दिसणारा पत्ता व रक्कम अक्षरशः वाचल्याशिवाय होकार देऊं नये. २१ फेब्रुवारी २०२५ रोजीं बायबिट या मोठ्या पेढीचें सुमारें दीड अब्ज डॉलरांचें चलन गेलें, तें सही करणारांना पडद्यावर दिसलें एक आणि सही पडली दुसऱ्यावर, यामुळेंच. किल्ली जागच्या जागीं होती, डोळे फसले.

ही युक्ति अभेद्य आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. फोनाच्या पोटांत लहरी पकडणारीं यंत्रें असतातच. तीं आपण बटणानें निजविलेलीं असतात, काढून टाकलेलीं नसतात. घरांतल्या एखाद्या चिमुरड्यानें खेळ उतरवून घेण्यासाठीं वायफाय चालू केला कीं माजघर रस्त्यावर आलें. याच कामासाठीं मुद्दाम बनविलेलीं उपकरणें २०१४ पासून बाजारांत मिळतात. रक्कम मोठी असेल त्यानें तीं घ्यावींत, व मिळाल्यास कंपनीकडूनच घ्यावींत. जुना फोन हा मध्यम रकमेचा आणि काटकसरी माणसाचा उपाय होय.

आतां ती फजिती. आमच्या पुतण्यानें हें सारें २०२१ सालीं यथासांग केलें. चोवीस शब्द एका दोनशें पानी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, वही माळ्यावरच्या पुस्तकांत ठेवली, फोन त्या प्रसिद्ध खणांत टाकला आणि तो पुण्यास नोकरीवर निघून गेला. २०२३ च्या दिवाळीपूर्वीं घराला रंग काढला. माळा रिकामा झाला. वहिनींनीं जुन्या वह्या, मासिकें व वर्तमानपत्रें एकत्र बांधून रद्दीवाल्यास दिलीं. दिवाळीस घरीं आल्यावर चिरंजीव माळ्यावर चढले आणि उतरले ते पांढरेफटक होऊन.

"आई, येथली निळी वही कोठें आहे?"

"ती होय! मागच्या पानावर नुसते इंग्रजी शब्द लिहिलेले होते, ना अर्थ ना वाक्य. मला वाटलें, शाळेंतलें स्पेलिंगचें पाठांतर असेल. पंधरवडा झाला देऊन."

"आई, त्या वहींत माझे सव्वा लाख रुपये होते!"

"मग वहीवर तसें लिहून ठेवावयाचें होतेंस!"

"तसें लिहिलें असतें तर ती चोरानें नेली नसती का? काका, तुम्हीच सांगा."

आम्ही काय सांगणार? दोघांचेंही म्हणणें बरोबर होतें. ज्या कागदाचें मोल कोणास कळत नाहीं तो रद्दींत जातो. ज्याचें मोल सर्वांस कळतें तो चोरीस जातो.

रद्दीवाल्याकडे चौकशी झाली. गठ्ठा पुढें गेला होता. मग आशा उरली ती फोनाची. तो खणांतून काढला तर त्याची पाठ उचललेली! दोन वर्षें चार्ज न केलेली बॅटरी आंतून फुगली होती. फुगलेली बॅटरी चार्ज करूं नये. ती पेट घेते. हें चिरंजीवांस ठाऊक होतें म्हणून बरें. बाजारांतल्या एका कारागिराकडे जाऊन, त्याच्या शेजारीं स्टुलावर बसून, बॅटरी डोळ्यांसमोर बदलून घेतली. फोन चालतो कीं नाहीं हें पाहावयास कारागिरानें कुलूप-क्रमांक मागितला, तो अर्थातच दिला नाहीं. घरीं आल्यावर क्रमांक टाकला, फोन उघडला, आणि वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली. पण तेवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. शब्दांची वही कोणाच्या तरी हातीं होती. म्हणजे ती किल्ली आतां आपली एकट्याची राहिली नव्हती. त्याच रात्रीं खणांतला दुसरा फोन कोरा करून त्यावर नवी संख्या काढली, नवे शब्द लिहिले, ते एकदां पुसून पुन्हां भरून पाहिले, आणि मग जुन्या फोनाची सही घेऊन सर्व रक्कम नव्या खात्यावर वळविली. पहांटे दोन वाजतां ती तेथें पोंचल्याचें दिसलें, तेव्हां घरांत सर्वजण जागे होते.

दुसऱ्या दिवशीं फराळाच्या वेळीं बंधूंनीं प्रश्न काढला तो निराळाच. "फोन सांपडला, हें ठीक. पण उद्यां तुलाच कांहीं झालें तर?" सणासुदीस असें बोलूं नये, म्हणून वहिनी त्यांच्यावर रागावल्या, पण प्रश्न कोणास टाळतां येईना. बँकेंतल्या ठेवीस वारसाचें नांव लावतां येतें. वारसानें दाखला नेला कीं कारकून पैसे मोजून देतो. येथें कारकूनच नाहीं. शब्द ठाऊक नसतील तर वारसापाशीं न्यायालयाचा हुकूम असूनही खात्यांतला पैसा हलत नाहीं.

पुष्कळ वादविवाद झाला. शब्दांचें छायाचित्र काढून सर्वांना पाठवावें, ही आमच्या धाकट्या बंधूंची सूचना प्रथमच बाद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्यें तर, फोनांतील चित्रें वाचून त्यांतून नेमके असे शब्द हुडकणारा स्पार्ककॅट नांवाचा प्रकार कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनीं उघडकीस आणला. तो गूगल व अ‍ॅपल यांच्या अधिकृत दुकानांतल्या अ‍ॅपांत शिरलेला होता. बारा शब्द एका भावाकडे व बारा दुसऱ्याकडे, ही दुसरी सूचना. ती दिसावयास चांगली. पण त्यांत एकाचा कागद गेला कीं सगळेंच गेलें. त्यापेक्षां गुपिताचे तीन भाग करून कोणतेही दोन जुळले म्हणजे पुरे व्हावें अशी गणिती रीति आहे. ती आदि शामीर यांनीं १९७९ सालीं मांडली. ती उत्तम खरी, पण आमच्यासारख्या वयस्कांना संकटाच्या वेळीं ती उलगडेल कीं नाहीं, याची शंका वाटली.

शेवटीं ठरलें तें साधें. शब्द दोन प्रतींत हातानें लिहिले. एक प्रत लखोट्यांत बंद करून, वर सही करून, बँकेच्या लॉकरमध्यें दागिन्यांबरोबर ठेवली. दुसरी पोलादी पट्टीवर कोरून चिरंजीवांनीं आपल्यापाशीं ठेवली, कारण कागदास आग व वाळवी दोहोंचें भय. शिवाय एक उघडें पत्र लिहिलें. त्यांत शब्द नाहींत. पण वस्तु काय आहे, लखोटा कोठें आहे, तो उघडल्यावर कोणतें अ‍ॅप लागेल, कर किती भरावा लागेल, हें सर्व सरळ मराठींत आहे. तें पत्र घराच्या कागदपत्रांच्या पिशवींत असतें आणि चौघांनीं तें वाचलेलें आहे. त्याच्या तळाशीं चिरंजीवांनीं मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे कीं, "कंपनीचा माणूस", "मदत केंद्र", "पोलीस" अशा कोणत्याही नांवानें फोन करून हे चोवीस शब्द विचारणारा मनुष्य चोरच समजावा. खऱ्यास ते लागत नाहींत. हें सर्व झाल्यावर रद्दीच्या बाबतींतही एक नियम झाला. माळ्यावरून उतरलेली वही मागच्या पानापर्यंत चाळल्याशिवाय देऊं नये असें वहिनींनीं आपल्या आपणच ठरविलें, आणि आम्हां सर्वांस लागू केलें.

फोन वर्षांतून दोनदां बाहेर निघतो, पाडव्यास आणि दसऱ्यास. बॅटरी अर्ध्यापर्यंत भरावयाची, कुलूप-क्रमांक आठवतो ना तें पाहावयाचें, वायफाय निजलेला आहे ना तें पाहावयाचें, आणि पुन्हां ठेवून द्यावयाचा. गेल्या दसऱ्यास शस्त्रपूजेच्या पाटावर विळी, कात्री, आमचें टांकाचें पेन व बंधूंचा तराजू यांच्या ओळींत तो मांडला होता. वहिनींनीं त्याला हळदकुंकू वाहिलें. आणि पाठ उलटून, ती फुगलेली तर नाहीं ना, हेंही प्रथम त्यांनींच पाहिलें.